माणूस आणि नरवानरांचे नाते : खडक, शरीर आणि जनुके यांची साक्ष

‘माणूस माकडापासून झाला’ हे वाक्य उत्क्रांतीचे समर्थक आणि विरोधक दोघेही सारख्याच सहजतेने उच्चारतात. विज्ञानाचे म्हणणे मात्र तसे नाही. आजचा माणूस आणि आजचा चिंपांझी हे सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत वावरणाऱ्या एका समान पूर्वजाचे, दोन निरनिराळ्या शाखांतून आलेले वंशज आहेत, असे विज्ञान सांगते. या निष्कर्षामागे एखादे हाड किंवा एखादा ग्रंथ नाही. शरीररचनाशास्त्र, भूगर्भशास्त्र आणि जनुकशास्त्र या तीन स्वतंत्र शाखांनी स्वतंत्र मार्गांनी जमविलेले पुरावे एकाच ठिकाणी येऊन मिळतात, हे त्याचे खरे बळ आहे.

भारतात हा विषय गेल्या काही वर्षांत दोनदा सार्वजनिक चर्चेत आला. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे डार्विनचा सिद्धान्त वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा असल्याचे म्हटले. वानराचा माणूस होताना कोणीही पाहिलेले नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशातील तिन्ही प्रमुख विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून तो अमान्य केला. त्यानंतर २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या (एनसीईआरटी) दहावीच्या विज्ञान पुस्तकातील ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेल्याचे समोर आले. महासाथीच्या काळात विद्यार्थ्यांवरील भार कमी करण्यासाठी हा बदल केला असून बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय कायम आहे, असे परिषदेचे स्पष्टीकरण होते. १,८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रसारकांनी खुल्या पत्राद्वारे त्याला आक्षेप घेतला. दहावीनंतर जीवशास्त्र न घेणाऱ्या विद्यार्थ्यांची या विषयाशी पुढे भेटच होत नाही, हा आक्षेपाचा गाभा होता.

या पार्श्वभूमीवर, मानवी उत्क्रांतीचे पुरावे नेमके कोणते, याचा हा आढावा.

माकड, वानर आणि कपी

बराचसा गोंधळ शब्दांतून निर्माण होतो. मराठीत लाल तोंडाच्या मर्कटाला ‘माकड’ आणि काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या लंगुराला ‘वानर’ म्हणण्याची रूढी आहे. या दोघांनाही शेपूट असते. गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि बोनोबो हे मात्र बिनशेपटीचे प्राणी असून शास्त्रीय मराठीत त्यांना ‘कपी’ म्हणतात. भारतात आढळणारा एकमेव कपी म्हणजे ईशान्येकडील हूलॉक गिबन. आसामच्या जोरहाट जिल्ह्यातील होल्लोंगापार अभयारण्य त्याच्यासाठी ओळखले जाते. माकडे, वानरे, कपी, दक्षिण भारतात आढळणारे निशाचर लोरिस आणि माणूस या सर्वांचा मिळून ‘नरवानर गण’ होतो.

माणसाला या गणात बसविण्याचे काम डार्विनने केलेले नाही. ते स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७३५ मध्ये, म्हणजे डार्विनच्या जन्माच्या सात दशके आधी केले. लिनियस उत्क्रांतिवादी नव्हते. प्रत्येक जाती ईश्वराने निर्माण केली आहे, अशीच त्यांची श्रद्धा होती. तरीही केवळ शरीररचनेच्या आधारे माणसाला कपींपासून वेगळे काढण्याचे सबळ कारण त्यांना सापडले नाही. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मधील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात मानवाविषयी जेमतेम एका वाक्याचा उल्लेख केला. १८७१ मध्ये मात्र मानवाच्या वंशावर स्वतंत्र ग्रंथ लिहून, आपले आद्य पूर्वज आफ्रिकेत सापडण्याची शक्यता अधिक असल्याचे भाकीत त्यांनी वर्तविले. गोरिला आणि चिंपांझी तेथेच राहतात, एवढाच त्या भाकिताचा आधार होता. त्या वेळी आफ्रिकेतून मानवी पूर्वजाचा एकही जीवाश्म हाती आलेला नव्हता.

शरीरात उरलेल्या खुणा

मराठीत पाठीच्या कण्याच्या शेवटच्या टोकाला ‘माकडहाड’ म्हणतात. हा शब्द शास्त्राच्या फार दूर नाही. तीन ते पाच मणके एकत्र जुळून बनलेले हे हाड म्हणजे शेपटीच्या कण्याचा अवशेष आहे. मानवी गर्भाला चौथ्या-पाचव्या आठवड्यात स्पष्ट शेपूट दिसते आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास ते शरीरात विरून जाते. शेपूट का गेले, याचा एक धागा २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातील संशोधनाने पुढे आणला. शेपटीच्या वाढीशी संबंधित ‘टीबीएक्सटी’ या जनुकात डीएनएचा एक छोटा तुकडा घुसलेला आहे. तो माणसात आणि सर्व कपींत आढळतो, शेपटीच्या माकडांत आढळत नाही. उंदरांच्या जनुकात त्याच परिणामाचा बदल घडवून आणल्यावर काही उंदीर आखूड शेपटीचे, तर काही बिनशेपटीचे जन्मले.

थंडीने किंवा भीतीने अंगावर काटा येतो, तो केसांच्या मुळाशी असलेले सूक्ष्म स्नायू आकुंचन पावल्यामुळे. दाट लव असलेल्या प्राण्याला याचा उपयोग होतो. केस उभारल्याने ऊब टिकते आणि शरीर मोठे भासते. माणसाची लव विरळ झाली तरी यंत्रणा शिल्लक राहिली. नवजात अर्भकाच्या तळहातावर बोट ठेवले असता ते घट्ट पकडते. आईच्या केसांना लोंबकळणाऱ्या नरवानर पिलांसाठी ही पकड जीवनमरणाची बाब असते. अशा खुणा सुट्या सुट्या पाहिल्यास निर्णायक ठरत नाहीत. परंतु माणसाचे शरीर जुन्या आराखड्यात फेरफार होत घडले आहे, याकडे त्या सर्वच बोट दाखवितात.

खडकांनी जपलेला इतिहास

१८५६ मध्ये जर्मनीतील निअँडर खोऱ्यात आणि १८९१ मध्ये जावा बेटावरील त्रिनिल येथे प्राचीन मानवाचे अवशेष मिळाले. आफ्रिकेचा दरवाजा १९२४ मध्ये उघडला. दक्षिण आफ्रिकेतील ताउंग येथील चुनखडीच्या खाणीतून आलेली एका बालकाची कवटी शरीररचनाशास्त्रज्ञ रेमंड डार्ट यांनी तपासली. मेंदू कपीइतका लहान होता. परंतु मज्जारज्जू बाहेर पडण्याचे छिद्र कवटीच्या मागे नसून तळाशी, पुढच्या बाजूला होते. डोके कण्यावर तोलून दोन पायांवर चालणाऱ्या प्राण्याचे हे लक्षण. डार्ट यांचे म्हणणे मान्य होण्यास दोन दशके लागली. त्याचे एक कारण म्हणजे इंग्लंडमधील ‘पिल्टडाऊन मानव’. १९१२ मध्ये जाहीर झालेल्या त्या अवशेषांत मेंदू मोठा आणि जबडा कपीचा होता. माणसाचा मेंदू आधी वाढला, असा समज त्याने पक्का केला. माणसाच्या कवटीला ओरांगउटानचा जबडा जोडून केलेली ती बनवेगिरी असल्याचे १९५३ मध्ये वैज्ञानिकांनीच उघड केले.

पाय आधी आणि मेंदू नंतर, हा क्रम इथिओपियातील हदार येथे १९७४ मध्ये सापडलेल्या ‘लुसी’ने निर्विवाद केला. डोनाल्ड जोहान्सन यांच्या चमूला मिळालेल्या या सांगाड्याची सुमारे ४० टक्के हाडे शाबूत होती. वय सुमारे ३२ लाख वर्षे. गुडघा आणि कटिबंध ताठ चालणाऱ्याचे, मेंदू मात्र चिंपांझीच्या मेंदूहून फारसा मोठा नाही. चार वर्षांनी टांझानियातील लाएतोली येथे मेरी लीकी यांच्या पथकाला ज्वालामुखीच्या राखेत उमटून घट्ट झालेली पावलांची सुमारे २७ मीटर लांबीची रांग आढळली. वय सुमारे ३६ लाख वर्षे. टाच आधी टेकलेली, अंगठा इतर बोटांच्या रांगेत. कपीच्या पायाचा अंगठा हाताच्या अंगठ्यासारखा बाजूला फाकलेला असतो. येथे तो तसा नव्हता.

१९८४ मध्ये केनियातील तुर्काना सरोवराजवळ जीवाश्मशोधक कामोया किमेऊ यांना सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या एका मुलाच्या सांगाड्याचा पहिला तुकडा दिसला. ‘होमो इरेक्टस’ जातीच्या या मुलाची शरीरयष्टी बरीचशी आजच्या माणसासारखी होती. मेंदू सुमारे ९०० घनसेंटिमीटर, म्हणजे लुसीच्या जवळपास दुप्पट, तरी आजच्या सरासरीहून बराच कमी. मध्य आफ्रिकेतील चाड येथे २००१ मध्ये मिळालेली कवटी सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीची आहे, तर मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथील सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे अवशेष आपल्याच जातीचे, ‘होमो सेपियन्स’चे, सर्वांत जुने ज्ञात अवशेष मानले जातात.

ही वये अंदाजाने ठरत नाहीत. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत ज्वालामुखीच्या राखेचे थर एकावर एक साचलेले आहेत. राखेतील किरणोत्सारी पोटॅशियमचे आरगॉन वायूत ठराविक गतीने रूपांतर होते. निम्मे होण्यास १२५ कोटी वर्षे लागतात. दोहोंचे प्रमाण मोजले की राख केव्हा पडली ते कळते. जीवाश्माच्या खालच्या आणि वरच्या थरांचे वय मिळाल्यावर जीवाश्माचा काळ त्या दोहोंमध्ये निश्चित होतो. या पद्धतीने काढलेला क्रम कोठेही उलटत नाही. डायनोसॉरच्या थरात मानवी कवटी आढळली, तर सारा सिद्धान्तच कोसळेल. दीड शतकाहून अधिक काळच्या उत्खननात तसे घडलेले नाही.

शिवालिकचा धडा आणि नर्मदेची कवटी

या शोधकथेत भारतीय उपखंडाचे स्थान महत्त्वाचे आहे. हिमाचल प्रदेशातील हरितल्यांगर येथे अमेरिकी संशोधक जी. एडवर्ड लुईस यांना १९३२ मध्ये वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. श्रीरामाच्या नावावरून त्याला ‘रामापिथेकस’ असे नाव देण्यात आले. १९६० च्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी दातांच्या ठेवणीवरून त्याला मानवाचा थेट पूर्वज ठरविले. त्यामुळे मानवी शाखा दीड कोटी वर्षांइतकी जुनी असावी, असा समज रूढ झाला.

त्याला पहिला तडा प्रयोगशाळेतून गेला. १९६७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील व्हिन्सेंट सारिच आणि ॲलन विल्सन यांनी रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाची तुलना करून माणूस आणि आफ्रिकी कपी सुमारे ५० लाख वर्षांपूर्वीच वेगळे झाल्याचे गणित मांडले. जीवाश्मशास्त्रज्ञांनी ते प्रारंभी धुडकावले. पुढे पाकिस्तानातील पोतवार पठारावर ‘शिवापिथेकस’चा चेहऱ्यासह जबडा मिळाला आणि तो ओरांगउटानशी विलक्षण मिळताजुळता निघाला. रामापिथेकस हा शिवापिथेकसच असल्याचे स्पष्ट झाले. हे १९८२ मध्ये जगापुढे मांडणारे संशोधक पिलबीम हेच होते. अनेक जुन्या पुस्तकांत रामापिथेकस आजही मानवाचा पूर्वज म्हणून उभा आहे. विज्ञानाने मात्र चार दशकांपूर्वीच त्याला ओरांगउटानच्या नातलगांत नेऊन बसविले.

याच शिवालिक पट्ट्यात जम्मूतील रामनगर येथे मिळालेल्या एका दाढेवरून २०२० मध्ये गिबनच्या प्राचीन नातलगाची ओळख पटली. वय सुमारे १ कोटी ३० लाख वर्षे. संशोधकांनी त्याला ‘कपी रामनगरेन्सिस’ असे नाव दिले.

प्रत्यक्ष मानवी वंशाचा भारतातील महत्त्वाचा जीवाश्म नर्मदेकाठचा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे अरुण सोनकिया यांना ५ डिसेंबर १९८२ रोजी मध्य प्रदेशातील हथनोरा येथे कवटीचा वरचा भाग मिळाला. ती ‘होमो इरेक्टस’ची की त्यानंतरच्या एखाद्या प्राचीन मानवाची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. हाडे दुर्मीळ असली तरी भारतात प्राचीन मानवाची हत्यारे विपुल आहेत. तमिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथील दगडी हातकुऱ्हाडी सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या असल्याचे संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. आपली जाती आफ्रिकेत उदयाला येण्याच्या कितीतरी आधी या भूमीवर हत्यारे घडविणारे हात होते, असा त्याचा अर्थ होतो.

जनुकांची साक्ष

एकही जीवाश्म सापडला नसता, तरी समान पूर्वजाचा निष्कर्ष आज जनुकांवरून काढता आला असता. २००५ मध्ये चिंपांझीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. जुळवून पाहता येणाऱ्या भागांत माणूस आणि चिंपांझी यांच्यात अक्षरागणिक फरक सुमारे १.२ टक्के भरला. गळालेले आणि वाढलेले तुकडे धरले, तर फरकाचे प्रमाण वाढते; मोजण्याच्या पद्धतीनुसार आकडा बदलतो. नात्याचा क्रम मात्र बदलत नाही. कोणत्याही पद्धतीने मोजले तरी माणसाला सर्वांत जवळचे चिंपांझी आणि बोनोबो, मग गोरिला, मग ओरांगउटान, मग गिबन आणि त्यानंतर माकडे, असाच क्रम लागतो. चिंपांझी गोरिलापेक्षा माणसाला अधिक जवळचा आहे, ही त्यातील लक्षणीय बाब.

परंतु साम्यापेक्षाही बोलका पुरावा आहे तो सामायिक ‘दोषांचा’. दोन विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत बरोबर उत्तरे सारखी असणे स्वाभाविक असते. चुकाही त्याच ठिकाणी, त्याच शब्दांत असतील, तर दोन्ही एकाच मुळावरून उतरल्या आहेत हे परीक्षकाला कळते. ‘क’ जीवनसत्त्वाचे उदाहरण याच प्रकारचे आहे. गाय, बकरी, कुत्रा हे प्राणी ते स्वतःच्या शरीरात तयार करतात. त्यांना लिंबू किंवा आवळा खावा लागत नाही. माणसात त्यासाठी लागणारे जनुक आहे, पण ते मोडलेले आणि निकामी आहे. चिंपांझी, गोरिला आणि माकडांतही ते तसेच मोडलेले आहे. गिनीपिगमध्येही ते निकामी झालेले आहे. मात्र तेथील मोडतोड वेगळी असून स्वतंत्रपणे घडलेली आहे. जे वारशाने आले ते सारखे आणि जे स्वतंत्रपणे घडले ते वेगळे, हा भेद समान पूर्वज मानल्याशिवाय समजावून सांगणे कठीण जाते.

प्राचीन विषाणूंचे अवशेषही हेच सांगतात. काही विषाणू आपली जनुकीय सामग्री यजमानाच्या डीएनएमध्ये घुसवितात. ती बीजपेशीत शिरली तर पुढच्या पिढ्यांना मिळते. मानवी जनुकसंचाचा सुमारे आठ टक्के भाग अशा अवशेषांचा आहे. अब्जावधी अक्षरांच्या पसाऱ्यात यांतील बहुसंख्य अवशेष माणूस आणि चिंपांझी यांच्यात अगदी त्याच जागी आढळतात.

तिसरा पुरावा गुणसूत्रांचा. कपींमध्ये गिबन वगळता सर्व मोठ्या कपींना गुणसूत्रांच्या २४ जोड्या आहेत, माणसाला २३. पूर्वज एकच असेल तर एक जोडी गेली कोठे? आख्खी जोडी नाहीशी होणे प्राणघातक ठरेल. म्हणजे दोन गुणसूत्रे एकमेकांना जुळली असली पाहिजेत, आणि तसे असेल तर सांध्याची खूण दिसलीच पाहिजे. गुणसूत्राच्या टोकांशी विशिष्ट अक्षरांची पुनरावृत्ती असते. १९९१ मध्ये संशोधकांना मानवाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या आतल्या भागात अशी दोन टोके समोरासमोर भिडलेली आढळली. त्याच गुणसूत्रावर एका जास्तीच्या मध्यबिंदूचा निष्क्रिय अवशेषही आहे. सिद्धान्ताने आधी अपेक्षा ठेवावी आणि पुरावा नंतर मिळावा, असे हे ठळक उदाहरण होय.

वारसा आजचा

हा इतिहास केवळ संग्रहालयापुरता नाही. २०१० मध्ये स्वान्ते पेबो यांच्या चमूने निअँडरथल मानवाचा जनुकसंच प्रसिद्ध केला. या कार्यासाठी पेबो यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आफ्रिकेबाहेरील आजच्या लोकांत निअँडरथलकडून आलेला एक ते दोन टक्के डीएनए आहे. कोविडच्या तीव्र आजाराचा धोका वाढविणारा तिसऱ्या गुणसूत्रावरील एक जनुकीय खंड निअँडरथलकडून आल्याचे २०२० मध्ये हुगो झेबर्ग आणि पेबो यांनी दाखविले. युरोपात तो सुमारे १६ टक्के लोकांत, तर दक्षिण आशियात सुमारे निम्म्या लोकांत आढळतो. वय आणि इतर आजार यांचा प्रभाव अर्थातच मोठा होता. तरी हजारो वर्षांपूर्वीची नाती आजच्या रुग्णालयापर्यंत कशी पोहोचतात, याचे हे उदाहरण आहे.

याच जनुकशास्त्राने दुसरी गोष्टही स्पष्ट केली. पृथ्वीवरील कोणत्याही दोन माणसांच्या डीएनएमध्ये सरासरी सुमारे ०.१ टक्का इतकाच फरक असतो. आणि माणसांमधील एकूण जनुकीय विविधतेचा बहुतांश भाग समूहासमूहांत नसून प्रत्येक समूहाच्या आतच आहे. वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेला त्यामुळे जैविक आधार उरत नाही.

‘कोणी पाहिले?’ या प्रश्नाचे उत्तर

वानराचा माणूस होताना कोणी पाहिले नाही, हे खरे आहे. आणि तसे पाहायला मिळेल, असे उत्क्रांतीचा सिद्धान्त सांगतही नाही. भाषेचे उदाहरण येथे उपयोगी पडते. मराठी, गुजराती, बंगाली या भाषा प्राचीन प्राकृतांपासून विकसित झाल्या, याविषयी भाषाशास्त्रज्ञांत दुमत नाही. तथापि आई प्राकृत बोलते आणि तिचे मूल मराठी, असे एकाही घरात कधी घडले नाही. प्रत्येक पिढीला मागच्या पिढीची बोली समजतच होती. बदल पिढ्यांच्या बेरजेत दिसतो, एका पिढीत नाही. शिवाय मराठी गुजरातीपासून झालेली नाही, गुजरातीही मराठीपासून नाही. दोघी बहिणी आहेत. माणूस आणि चिंपांझी यांचे नाते तसेच आहे. म्हणूनच ‘मग आजची माकडे माणूस का होत नाहीत’ हा प्रश्न ‘गुजरातीची मराठी का होत नाही’ असे विचारण्यासारखा ठरतो.

अल्पायुषी जीवांत मात्र उत्क्रांती प्रत्यक्ष दिसते. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू हा डॉक्टरांपुढचा रोजचा प्रश्न आहे, आणि तो नैसर्गिक निवडीतूनच निर्माण होतो.

निर्णीत काय, अनिर्णीत काय

मानवी उत्क्रांतीतील अनेक प्रश्न आजही खुले आहेत. चाडमधील सात दशलक्ष वर्षांपूर्वीचा जीव खरोखर दोन पायांवर चालत होता का, लुसीच्या जातीपासून ‘होमो’ या वंशापर्यंतची वाट नेमकी कोणती, नर्मदेच्या मानवाचे स्थान कोठे, यांवर संशोधनपत्रिकांतून जोरदार वाद चालतात. परंतु हे वाद वंशवृक्षाच्या फांद्यांची जागा ठरविण्याचे आहेत. वृक्ष आहे की नाही, याविषयीचे नाहीत. पिल्टडाऊनची लबाडी आणि रामापिथेकसची चूक दोन्ही उघडकीस आल्या त्या नव्या पुराव्यांमुळे, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर समान पूर्वजाचा निष्कर्ष अधिकच दृढ झाला.

२०१८ च्या निवेदनात विज्ञान अकादमींनी नेमका हाच मुद्दा मांडला होता : उत्क्रांतीच्या मूलभूत सत्याविषयी वैज्ञानिकांत वाद नाही. शालेय पुस्तकाच्या पानांवर काय असावे, हा धोरणाचा प्रश्न आहे आणि त्यावर मतभेद असू शकतात. खडकांत आणि पेशींत जे नोंदलेले आहे, ते मात्र त्या निर्णयावर अवलंबून नाही. ते वाचण्याची संधी किती विद्यार्थ्यांना मिळते, एवढेच त्यावरून ठरते.